आडनावाआधी माहेर विचारा

वाचकांचे प्रश्न : स्कॉटलंडमधलं गणगोत शोधताना
(उत्तरं देणारी मूळची सांगलीची, गेली तीस वर्षं डंडीची सून.)

प्रश्न : ताई, माझ्या लेकीनं ग्लासगोत एका स्कॉटिश मुलाशी लग्न केलं. गेल्या वर्षी नात झाली. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, अकरा पिढ्यांचा. जावयाकडे 'खापरपणजी डंडीच्या गिरणीत होती' यापलीकडे काहीच नाही. नातीसाठी एका वहीत दोन्ही घराणी लिहून ठेवावीत असं मनात आहे. नाशिकमध्ये बसून हे जमेल का? विहीणबाईंना विचारायला संकोच वाटतो.
— सौ. व. ग., नाशिक

उत्तर : वहिनी, जमेल. उलट जावयाची बाजू तुमच्या बाजूपेक्षा भरगच्च होईल असा माझा अंदाज आहे. खोटं वाटत असेल तर कुलवृत्तांत काढा आणि चार पिढ्यांमागच्या सासूबाईंचं माहेर त्यात शोधा. 'भार्या लक्ष्मी' एवढंच मिळेल, आणि ती लक्ष्मीसुद्धा लग्नात तांदळात लिहिलेली. माझ्या स्वतःच्या पणजीचं लग्नाआधीचं नाव आज आमच्या घरात एकालाही सांगता येत नाही. नवऱ्याच्या खापरपणजीचं मात्र मला नाव, आडनाव, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, आईबापांच्या लग्नाची तारीख सगळं ठाऊक आहे. ती १८६३ साली पहाटे पावणेचारला जन्मली, हेसुद्धा. स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत वेळ लिहितात. हे कळल्यावर माझ्या आईनं सगळ्यात आधी काय केलं असेल? जावयाच्या खापरपणजीची पत्रिका मांडायला घेतली.

हे श्रेय तिथल्या दप्तराचं. १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्या नोंदींची खुबी अशी की मृताच्या नोंदीत त्याच्या आईचं आणि वडिलांचं, दोघांचं नाव असतं आणि आईचं माहेरचं आडनाव वेगळं लिहिलेलं असतं. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईबापांची नावं असतात. जन्माच्या नोंदीत आईबापांचं लग्न कधी नि कुठे झालं ते असतं; फक्त १८५६ ते १८६० ही पाच वर्षं तो रकाना गाळला होता. म्हणजे एक कागद हाती आला की मागच्या पिढीचा पत्ता त्याच कागदावर मिळतो. पहिल्या वर्षी, १८५५ मध्ये, तर रकाने इतके होते (आईबापांची वयं, जन्मगावं, आधीची मुलं किती) की कारकून मेटाकुटीला आले आणि पुढच्या वर्षी रकाने कमी करावे लागले. जावयाच्या घरातलं कुणी नेमकं त्या वर्षी जन्मलं किंवा वारलं असेल तर लॉटरी लागली म्हणून समजा.

एडिनबरोतल्या न्यू रजिस्टर हाऊसच्या घुमटाखाली या वह्या गोल मांडलेल्या आहेत : जन्माच्या लाल, लग्नाच्या हिरव्या, मृत्यूच्या काळ्या. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आपल्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांची आठवण झाली. तुम्हाला तिथे जायची गरज नाही. स्कॉटलंड्सपीपल नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. सूची फुकट बघता येते. मूळ पानाचं चित्र बघायचं तर थोडे पैसे पडतात. हयात माणसांची अब्रू राखायला जन्माची १०० वर्षांच्या आतली, लग्नाची ७५ वर्षांच्या आतली आणि मृत्यूची ५० वर्षांच्या आतली पानं तिथे पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून सुरुवात पन्नास-साठ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसापासून करा, बाळापासून नको.

आणि त्या माणसाचं नाव सांगणार कोण? विहीणबाईच. संकोच सोडा. फक्त 'तुमचे पूर्वज कोण?' असं विचारू नका. त्या प्रश्नावर कुणीही गप्प बसेल. 'तुमच्या सासूबाईंचं लग्नाआधीचं आडनाव काय होतं?', 'त्यांना कुठे पुरलं?', 'नाताळाची कार्डं कुणाकुणाकडून यायची?' असं विचारा. आणि घरात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे का ते विचारा. असतोच. माझ्या सासूबाईंच्या डब्यात बिस्किटं सोडून सगळं निघालं. त्यात पोस्टकार्डाएवढी एक काळ्या कडेची चिठ्ठी होती, वर शवपेटीची आकृती आणि तिच्या भोवती आकडे. मला वाटलं, नाटकातल्या बसायच्या जागा. सासूबाई हसल्या. इथे पेटी खड्ड्यात उतरवताना दोऱ्या धरतात आणि कुठली दोरी कुणाची हे आधी ठरलेलं असतं. पहिली दोरी डोक्याकडची, ती बहुधा थोरल्या मुलाची. मग नात्याच्या जवळिकीनं उरलेल्या. ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात देतात. आपल्याकडे खांदा कुणी द्यायचा यावरून जसं कळतं कोण जवळचा, कोण रुसलेला, तसंच. त्या चिठ्ठीवर सासऱ्यांचा आकडा सहा होता. बापाच्या पेटीला मुलगा सहाव्या दोरीवर! त्या एका आकड्यानं मला घरातलं वीस वर्षांचं भांडण समजलं.

आता गिरणीचं. डंडीत ताग विणला जायचा. ताग बंगालमधून यायचा आणि तो मऊ करायला व्हेल माशाचं तेल लागायचं. गिरण्यांत बायकाच जास्त. पोरगे अठरा वर्षांचे झाले की पुरुषाची मजुरी द्यावी लागते म्हणून त्यांना काढून टाकत आणि मग बायको कामावर, नवरा घरात चूल सांभाळतोय असा संसार चाले. अशा नवऱ्यांना गावात 'केटल-बॉयलर', किटली उकळवणारे, म्हणत. म्हणून जावयाच्या खापरपणजोबांचा धंदा सापडला नाही तरी खापरपणजीचा सापडेल. जनगणनेची पानं बघा, १८४१ पासून दर दहा वर्षांनी १९२१ पर्यंतची खुली आहेत. १८६१ पासून त्यात एक रकाना आहे : खिडकी असलेल्या खोल्या किती. आमच्या पानावर माणसं नऊ, खिडकीच्या खोल्या १. मी ते पान छापून स्वयंपाकघरात लावलंय.

अडचण येईल ती सारख्या नावांची. इथल्या घराण्यांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला खुद्द बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. तुम्हाला हे नवं नाही, आजोबांचं नाव नातवाला आपणही ठेवतो. आजोबांचंच ठेवायचं पण मुलगीच झाली, तर जेम्सची जेम्सिना आणि विल्यमची विल्यमिना करून टाकत. ह्यू नावाच्या आजोबांच्या नातीला ह्यूइना व्हावं लागलं, बिचारी. यामुळे एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाचे पाच चुलतभाऊ निघतात. ईशान्येच्या कोळीवाड्यांत तर आडनावंही मोजकीच, त्यामुळे टोपणनावं सरकारी वहीतसुद्धा चढवावी लागली. अशा वेळी आडनाव काही कामाचं नाही. पाचही जणांचा बाप वेगळा ओळखायचा तर आईचं माहेर बघायचं. माझा पहिला पूर्ण हिवाळा भलत्याच माणसाच्या मागे गेला, कारण मी सासरच्या आडनावाला चिकटून बसले होते.

मृत्यूच्या नोंदीवर मात्र डोळे मिटून विश्वास नको. ती माहिती मेलेल्यानं दिलेली नसते. जो खबर द्यायला गेला त्याला जेवढं ठाऊक तेवढंच उतरतं. आमच्याकडे एका जावयानं सासूच्या आईच्या जागी तिच्या आजीचं नाव सांगून ठेवलं. लिहिता न येणारा फुली मारायचा आणि त्या फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकून त्याचं नाव लिहायचा. आपल्या अंगठ्यासारखंच.

१८५५ च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या लागतात. सगळ्यात जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. पण त्या भोकं पडलेल्या चाळणीसारख्या आहेत. १७८३ ते १७९४ मध्ये दर नोंदीवर तीन पेन्स कर होता, तेव्हा गरिबानं नोंद टाळली. १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि पुष्कळ माणसं वेगळ्या चर्चात गेली. तिथवर पोचलात की मला पुन्हा लिहा.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या आईचे आजोबा स्कॉटिश होते, जी.आय.पी. रेल्वेत इगतपुरीला. नाव माहीत आहे, गाव नाही. चर्चमधून जुने कागद गहाळ झालेत. घरात एक फोटो तेवढा आहे. डीएनए चाचणी करू का?
— म. रो., पुणे

उत्तर : करा, पण आधी कागद. मुंबई इलाख्यात पाद्रींनी केलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबईच्या नोंदींचा क्रम एन/३. बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. फिबिस नावाची एक संस्था आहे, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांवर काम करणारी. तिची सूची फुकट चाळता येते. तिथून सुरुवात करा. इगतपुरीच्या चर्चमधली वही गेली तरी नक्कल लंडनला असण्याची शक्यता दांडगी आहे.

पण या नोंदी इंग्रजी घाटाच्या. त्यांत मृताच्या आईबापांची नावं नसतात आणि स्कॉटलंडमधलं गाव तर क्वचितच. गाव शोधायच्या दोन वाटा मी वापरल्या आहेत. एक, मुलांची नावं वर सांगितलेल्या क्रमानं मांडून बघा. थोरला मुलगा अलेक्झांडर, दुसरी मुलगी एल्सपेथ, अशी जोडी मिळाली तर अलेक्झांडर आणि एल्सपेथच्या मुलाचा जन्म स्कॉटलंडच्या वहीत शोधायचा. मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते बहुधा कुणाचं तरी माहेर असतं. नेहमी नाही, हं. मराठ्यांची बखर लिहिणारा साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ आठवतो ना? बँफ गावचा. जन्माचं आडनाव ग्रँट. आईकडची ईडनची इस्टेट मिळाली तेव्हा पुढे 'डफ' लागलं. त्यानं मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या साहेबाचं. पुढे कुणी त्या पोराचं आजोळ एल्फिन्स्टनांकडे शोधत बसला तर जन्म जायचा.

दुसरी वाट थडग्यांची. मुलगा इगतपुरीला गेला तरी त्याचं नाव गावाकडच्या दगडावर आईबापांखाली कोरलेलं असतं : 'मुंबईत वारला', अमुक साली. स्कॉटलंडच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या दफनभूमीत असा हिंदुस्थानात संपलेला एखादा मुलगा भेटतो. स्थानिक वंशशोध मंडळांनी हे दगड वाचून पुस्तकं छापली आहेत. आमच्या बाजूचं टे व्हॅली, उत्तरेकडचं ॲबर्डीनचं. सभासद बहुतेक निवृत्त, उत्तर द्यायला उत्सुक. आणि गृहस्थानं मागे थोडा पैसा ठेवला असेल तर एडिनबरोच्या कोर्टातली मृत्युपत्रं बघा. परदेशी वारलेल्यांची कामं तिथेच चालत.

आता चाचणी. खापरपणजोबांचा तुमच्यातला वाटा सरासरी सव्वासहा टक्के. तुमच्या आत्या हयात असतील तर त्यांच्यात तो दुप्पट असतो, म्हणून थुंकी त्यांची पाठवा. मात्र त्यांना आधी नीट सांगा की यातून नको ती गोष्टही निघू शकते. तिकडचे लोक अशा चाचण्या हौसेनं करतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचा एखादा भाऊबंद जुळण्याची आशा बरी आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. या गृहस्थांची बायको कोण? ती हिंदुस्थानातली असेल तर बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या जागी नुसतं 'नेटिव्ह बाई' लिहिलेलं सापडेल, किंवा जागा कोरी. स्कॉटलंडमधल्या गिरणीकामगार बाईचं माहेर दप्तरात आहे आणि आपल्या खापरपणजीला नावसुद्धा नाही. ती कोरी जागा पहिल्यांदा बघितली त्या दिवशी मी संगणक बंद करून फिरायला निघून गेले. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर फोटो पुढे ठेवून आधी तिच्याबद्दल विचारा. गोऱ्या पणजोबांबद्दल लोक आपणहून सांगतात.

प्रश्न : कागदात असं निघालं की सासऱ्यांचे आजोबा लग्नाशिवाय जन्मले. बापाचं नाव कोरं आहे. घरात सांगावं का? आणि ते नाव कधी कळेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कळू शकतं. १८५५ नंतर लग्न नसलेला बाप स्वतः आईबरोबर येऊन सही करील तरच त्याचं नाव वहीत चढे. आला नाही तर रकाना कोरा. पण त्या पानाच्या समासात कारकुनानं काही खरडलंय का बघा. आईनं कोर्टात दावा लावून पितृत्व सिद्ध केलं असेल तर तिथे 'दुरुस्त नोंदींच्या वही'चा हवाला असतो. आणि चर्चची पंचायत होतीच. पाद्री आणि वडीलधारे मंडळी त्या मुलीला समोर उभं करून बाप कोण ते वदवून घेत आणि सगळं इतिवृत्तात लिहीत. मुलीचे हाल, पण आज आपल्याला नाव मिळतं ते त्या चोंबडेपणामुळे. ही इतिवृत्तंही आता स्कॉटलंड्सपीपलवर आहेत.

सांगायचं की नाही? सासऱ्यांच्या वयावर आणि तब्येतीवर आहे. इथे तरी आता कुणी भुवई उंचावत नाही. ईशान्येकडच्या शेतकरी भागात तर अशी मुलं इतकी होती की ती आजीकडे वाढणं ही रीतच होती.

प्रश्न : मुलाच्या लग्नात व्याह्यांच्या 'क्लॅन'चं, म्हणजे घराण्याचं, टार्टन (चौकड्यांचं कापड) आम्ही घातलं तर चालेल का? आडनावाचं मानचिन्हही विकत घ्यावं म्हणतो.
— श्री. द. का., ठाणे

उत्तर : टार्टन खुशाल घाला, कायदा आडवा येत नाही. प्रत्येक घराण्याचं अमुकच कापड ही शिस्त बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा तिला जोर चढला. मानचिन्ह मात्र घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये ते आडनावाला नसतं, एका माणसाला दिलेलं असतं, आणि त्यासाठी मानचिन्हांचा कारभार बघणारे अधिकारी लॉर्ड लायन यांचं खास कोर्ट आहे. मी नवी नवरी असताना एका दुकानातून असली लाकडी ढाल कौतुकानं घरी आणली होती. सासऱ्यांनी ती शेडमध्ये रंगाच्या डब्यांवर झाकण म्हणून वापरली.

प्रश्न : मी टोरांटोत असते. नवरा नोव्हा स्कोशियाचा. त्याच्या पणजीची बहीण स्कॉटलंडमध्येच, आर्ब्रोथला राहिली. तिच्या नातीचा पत्ता मिळाला. दोन पत्रं टाकली, सहा-सहा पानांची, वंशवृक्षासकट. उत्तर नाही. काय चुकलं?
— सौ. श. दे., टोरांटो

उत्तर : सहा पानं चुकली. ऐंशीच्या घरातल्या बाईला परक्या देशातून जाड पाकीट आलं तर तिला वाटतं, एक तर इस्टेटीचा वाटा मागतायत नाहीतर फसवतायत. मी तर याहून वाईट केलं होतं, थेट फोन. 'आम्हाला काही नकोय,' म्हणाल्या आणि ठेवला.

पुढच्या खेपेला मी हातानं अर्धं पान लिहिलं. मी कोण, माझा नवरा कोणाचा पणतू, आणि दोघांना समाईक अशा एकाच बाईचं नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट. बरोबर एका फोटोची प्रत, तीन बहिणी गिरणीच्या फाटकासमोर. 'काही नको आहे. हा फोटो तुमच्याकडे नसेल तर ठेवून घ्या. डावीकडची कोण ते आम्हाला ओळखू येत नाही.' बस. प्रश्न असा हवा की उत्तर एका ओळीत देता यावं.

चार महिन्यांनी पाकीट आलं. आत त्याच फोटोची त्यांच्याकडची प्रत, पण डावीकडची बहीण कात्रीनं कापलेली. मागे पेन्सिलीनं एक ओळ : ती आमची आजी, तिनंच कापला. का कापला ते कळायला मग आम्हाला तीन वर्षं आणि पुष्कळ चहा लागला.

नात्याला इंग्रजीत काय म्हणायचं याच्या फंदात पडू नका. हे नातं 'सेकंड कझिन वन्स रिमूव्ड' होतं आणि तिकडच्यांनाही ते धड सांगता येत नाही. आपला 'लांबची बहीण' हा शब्द पुरे. तिसरं पत्र आत्ता टाकू नका. डिसेंबरात नाताळाचं साधं कार्ड पाठवा, फोटो एकच घाला, आणि पाकिटाच्या मागे तुमचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहा.